नीलकंठाचा कंठ निळा नसतो

आज दारातच एका गृहस्थांनी आम्हाला अडवलं आणि विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता मेलेल्या पाखरावर व्याख्यान देणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला हा तासभर लागेल. पण आधी एक उलट प्रश्न. दसऱ्याला नीलकंठ दिसला की शुभ, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. हिंगोलीचा दसरा तर प्रसिद्धच आहे आणि कळमनुरीहून तिथे जायला फार वेळ लागत नाही. त्या वाटेवर विजेच्या तारेवर बसलेला नीलकंठ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मग सांगा, त्याच्या गळ्याचा रंग कोणता?

बहुतेकांनी "निळा" म्हटलं. नावातच आहे ना! पण तसं नाही. आपल्याकडच्या नीलकंठाचा गळा आणि छाती तपकिरी असते. त्या तपकिरीत किंचित जांभळट झाक असते आणि तिच्यावर बारीक फिकट रेघा असतात. निळा रंग डोक्यावर आहे, पोटाकडे आहे, पंखात आहे, शेपटीत आहे. कंठात मात्र नाही. नाव शंकराचं दिलं, आणि औंढा नागनाथच्या जिल्ह्यात ते सुचणं अगदी साहजिक आहे, पण नाव देताना गळा कोणी नीट पाहिला नाही. संस्कृतात याला चाष म्हणतात. अमरकोशात चाष आणि किकीदिवि असे दोन शब्द दिले आहेत, आणि दुसरा ऐकताना त्याच्या कर्कश ओरडण्याची आठवण होते. मराठीत चास, तास अशीही नावं आहेत. हल्लीचे पक्षिमित्र नीलपंख म्हणतात, आणि ते जास्त खरं आहे.

आता मुद्दा असा की हा पक्षी दुर्मिळ नाही. रस्त्याकडेच्या तारेवर उघड बसतो, घाबरून दडून राहत नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याच्या गळ्याचा रंग चुकीचा सांगतो. याचं कारण अंतर. जिवंत पक्षी आपल्याला एका मर्यादेपलीकडे जवळ येऊ देत नाही, आणि त्याने तसं येऊ देऊही नये. दुर्बीण घेतली तरी ती दिसणं मोठं करते, जवळीक देत नाही. जंगली पक्षी हाताच्या अंतरावर, स्थिर आणि पाहिजे तितका वेळ बघायला मिळतो तो बहुधा एकाच प्रसंगी. तो मेलेला सापडतो तेव्हा.

एका सकाळची गोष्ट

मागच्या हिवाळ्यात आम्ही चार-पाच निवृत्त माणसं नेहमीप्रमाणे सकाळी फिरायला निघालो होतो. कळमनुरीबाहेर, सोयाबीन निघून गेलेल्या रानाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली एक नीलकंठ पडलेला दिसला. रात्री किंवा पहाटे एखाद्या गाडीचा धक्का बसला असावा. हे पक्षी तारेवरून टोळ, भुंगेरे, रातकिडे हेरतात आणि सरळ खाली झेप घेतात. ती झेप डांबरावर पडली आणि त्याच वेळी गाडी आली, की संपलं.

आमच्यातल्या एकाने तोंड फिरवलं. "चला पुढे, सकाळी सकाळी नको," म्हणाले. दुसरे वाकून म्हणाले, "एक पीस घेऊ का नातवाला?" मंडळी, या दोन वाक्यांत माणसाच्या दोन जुन्या सवयी आल्या. एक म्हणते, बघू नकोस, अशुभ आहे. दुसरी म्हणते, सुंदर आहे ना, मग घे. आणि गंमत अशी, की दोन्हींमध्ये पाहणं राहूनच जातं. तोंड फिरवणाऱ्याने पाहिलं नाही हे उघड आहे. पण पीस उपटणाऱ्यानेही पाहिलेलं नसतं, त्याचं लक्ष खिशाकडे गेलेलं असतं.

आम्ही तिथे थांबलो. एका काडीने पंख हळूच उघडला. तोपर्यंत तो पक्षी मातकट दिसत होता, कारण पाठ तपकिरी-हिरवट असते. मिटलेल्या पंखात निळं थोडंच दिसतं. पंख पसरला आणि आत गडद निळ्याचा पट्टा, त्याला लागून फिकट आकाशी पट्टा, पुन्हा टोकाकडे गडद निळा. शेपटीही तशीच, फिकट निळी आणि कडेला गडद. मधली दोन पिसं मात्र मळकट हिरवी. उडताना जे एका क्षणात चमकून जातं ते आता तिथे निवांत पसरलेलं होतं.

पिसात काय काय असतं

आता पिसाबद्दल थोडं. पीस म्हणजे केराटिन. आपली नखं आणि केस ज्या जातीच्या पदार्थाचे, त्याच जातीचा. मधे एक दांडी. दांडीचं खालचं टोक पोकळ, त्याला पूर्वी शाई लावून लिहीत. दांडीच्या दोन्ही बाजूंना तिरप्या पात्या फुटतात, प्रत्येक पातीला आणखी बारीक उपपात्या, आणि त्यांना डोळ्यांना न दिसणारे आकडे. शेजारच्या पातीत हे आकडे अडकतात आणि पीस सलग पानासारखं होतं. आकडे सुटले तर पीस फाटल्यासारखं दिसतं. पण बुडाकडून टोकाकडे हळूच दाब देत नेलं की जाकिटाची चेन लावावी तसं पुन्हा जुळतं. पक्षी दिवसभर चोचीने पिसं साफ करताना दिसतो ना, तो हेच करत असतो. ते नटणं नव्हे, रोजची डागडुजी आहे.

पंखाच्या बाहेरच्या कडेचं पीस पाहा. त्याची दांडी मधोमध नसते. पुढची बाजू अरुंद, मागची रुंद. वारा कापायची बाजू अरुंद आणि ताठ लागते, म्हणून हे असं. पोटाचं पीस मात्र दोन्हीकडे सारखं आणि बुडाशी मऊ, कारण त्याचं काम ऊब धरण्याचं. म्हणजे एकच पीस हातात पाहून ते शरीराच्या कोणत्या भागातलं, हे बरंचसं सांगता येतं. आणखी एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. पुष्कळ पक्ष्यांमध्ये सगळ्या पिसांचं मिळून वजन हाडांच्या सांगाड्याहून जास्त भरतं. नीलकंठ सुमारे 30 ते 34 सेंटिमीटर लांब, पण वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. जे आपल्याला दिसतं त्यातला फार मोठा भाग पिसंच असतात.

निळा रंग कुठे आहे?

आता आम्ही आमच्या विषयाकडे येतो. पक्ष्याच्या अंगावरचा काळा आणि तपकिरी रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा. आपल्या केसांत असतं तेच. हळद्या पक्ष्याचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांचा, आणि ती त्याच्या खाण्यातून येतात. आपल्या जिल्ह्यात हळद पिकते म्हणून सांगतो, हळदीचा रंग आणि हळद्याचा रंग या वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्हीकडे रंग देणारा पदार्थ आहे. तो बाजूला काढता येतो.

निळ्याचं तसं नाही. नीलकंठाच्या पिसात निळा पदार्थच नाही. निळं पीस कुटून पूड केली तर निळी पूड मिळत नाही, तपकिरी-करडी मिळते. पीस डोळ्यांसमोर धरून मागून उजेड येऊ दिला, तरी निळं जातं आणि मळकट दिसतं. मग निळा रंग येतो कुठून? पातीच्या आत केराटिनचा एक थर असतो, स्पंजासारखा, अतिसूक्ष्म पोकळ्यांचा. प्रकाश त्या पोकळ्यांवरून परत फिरतो तेव्हा निळ्या लहरी एकमेकींना साथ देतात आणि बाकीच्या विरून जातात. थराखाली मेलॅनिन असतं, ते उरलेला प्रकाश शोषून घेतं, म्हणून निळं उठून दिसतं. पोकळ्यांमधलं अंतर थोडं बदललं की गडद निळ्याचा आकाशी होतो.

याचा इतिहास मोठा रंजक आहे. रॉबर्ट हुकने 1665 साली सूक्ष्मदर्शकाखाली मोराचं पीस पाहिलं आणि ते ओलं झालं की रंग नाहीसे होतात हे नोंदवलं. न्यूटननेही 1704 च्या 'ऑप्टिक्स'मध्ये मोरपिसाचा विचार केला. आणि सी. व्ही. रामन? त्यांना 1930 मध्ये नोबेल मिळालं ते प्रकाशाच्या विकिरणावरच्या कामासाठी. 1934 साली, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नव्या नियतकालिकात, त्यांनी पक्ष्यांच्या पिसांच्या रंगांवर निबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी ज्या पक्ष्याची पिसं घेतली तो कोण? हाच, आपला नीलकंठ. आकाश निळं का आणि पीस निळं का, हे प्रश्न शेजारचे आहेत, पण उत्तर अगदी एक नाही. हवेतले कण कसेही विखुरलेले असतात. पिसातल्या पोकळ्यांना एक बारीक शिस्त आहे. ही शिस्त रिचर्ड प्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली 'नेचर'मध्ये नीट दाखवून दिली.

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कान उभे राहतात. जॉन लॉकने सतराव्या शतकात बदामाचं उदाहरण दिलं होतं. पांढरा स्वच्छ बदाम कुटला की त्याचा रंग मळका होतो, चवही बदलते. कुटण्याने पदार्थात दुसरं काय बदलणार? फक्त कणांची मांडणी. म्हणजे रंग मांडणीवर अवलंबून आहे. आपल्याकडे हाच वाद मडक्यावरून झाला. कच्चं मडकं आव्यात भाजलं की लाल होतं. हा रंग बदलतो कुठे? वैशेषिक म्हणाले परमाणूंमध्ये. त्याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणाले, नाही, अख्ख्या मडक्यात. तो पिठरपाक. मडक्यापुरतं कोण बरोबर, ते राहू द्या. पण नीलकंठाचं पीस पाहून आम्हाला वाटतं, की इथे तरी नैयायिकांची बाजू जड आहे. कण सुटे केले की निळं उरत नाही. निळं आहे ते अख्ख्या रचनेत, आणि त्या रचनेवर उजेड पडतो तेव्हा.

आणि पाहणारा? आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या. अतिनील प्रकाशाचा काही भाग त्यांना दिसतो. म्हणजे एका नीलकंठाला दुसरा नीलकंठ जसा दिसतो, तसा तो आपल्याला कधीच दिसणार नाही. आपण जे निळं पाहून हरखतो, तो त्या पिसाचा आपल्या वाट्याला आलेला भाग आहे, इतकंच.

हे पाहणं बरं का?

आता खरा अडचणीचा प्रश्न. एक जीव मरून पडला आहे आणि आपण त्याच्या रंगांचं कौतुक करतो. हे निर्दयपणाचं नाही का?

वाल्मीकींची गोष्ट आठवा. व्याधाने क्रौंचाच्या जोडीतला नर मारला, मादी आक्रोश करू लागली, ऋषींचा शोक श्लोक झाला. ही कथा आपण शोकाची म्हणून सांगतो. पण मूळ रामायणात त्याच प्रसंगी, मेलेल्या नराचं डोकं तांबूस होतं, हेही सांगितलं आहे. कवीचा शोक खोटा नव्हता, आणि त्याच शोकात डोक्याचा रंगही दिसला. इतकंच नव्हे, तांबड्या डोक्याचा म्हटल्यामुळे तो कोणी अमुक पक्षी ठरतो. नुसता 'एक पक्षी' राहत नाही. आम्हाला वाटतं, नीट पाहिलेल्याबद्दलच नीट हळहळता येतं. न पाहिलेल्याबद्दल आपण फक्त चुकचुकतो.

कान्टने 1790 च्या ग्रंथात सौंदर्याच्या आनंदाचं लक्षण सांगितलं, की त्यात वस्तू आपल्याला हवी अशी इच्छा नसते. आणि निखळ सौंदर्याची उदाहरणं देताना त्याने फुलांबरोबर पक्षीच घेतले. पोपट, हमिंगबर्ड, बर्ड ऑफ पॅरडाइज. पण त्यानंतरच्या शतकात युरोपात काय झालं? बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची फॅशन आली आणि जगभर पक्षी मारले गेले. हिंदुस्थानातून गेलेल्या मालात नीलकंठाची पिसंही होती. 1902 साली इथल्या सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर पाठवायला बंदी केली. इंग्लंडने आयात रोखणारा कायदा केला तो 1921 मध्ये. आणि आपलं काय? हैदराबादकडे, म्हणजे एकेकाळी आपणही ज्या संस्थानात होतो तिथे, दसऱ्याच्या दर्शनासाठी नीलकंठ पकडून, पंख बांधून, पिंजऱ्यात फिरवल्याच्या तक्रारी होतात. तेलंगणाचा राज्यपक्षी 'पालपिट्टा' म्हणजे हाच, तरीसुद्धा. टोपीसाठी मारणारा आणि पुण्यासाठी बांधणारा, दोघांनाही तो 'हवा' होता.

मेलेला सापडलेला पक्षी आपण मारलेला नाही, विकत घेतलेला नाही, बांधलेला नाही. म्हणून त्याच्याजवळ बसून पाहण्यात हाव नसण्याची एक संधी असते. ती पीस खिशात घालून वाया घालवू नये. कायदाही हेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मेलेला सापडलेला वन्यजीव सरकारी मालमत्ता ठरतो. तो कोणी ताब्यात घेतला तर 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मोराच्या झडलेल्या पिसांना सवलत आहे, नीलकंठाच्या नाही. म्हणून नातवाला पीस देऊ नका, नातवाला तिथे घेऊन जा.

पाहण्यातून काय निघतं

मुंबईत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने एअरगनने चिमणी पाडली. हातात घेतली तर गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हे. मामांनी, अमिरुद्दीन तय्यबजींनी, चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं आणि कपाटाचे खण उघडून भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीवरूनच नाव दिलं, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. ती चिमणी त्यांनी मारली होती, हे विसरायचं नाही. पण पुढचं सगळं आयुष्य गळ्यावरच्या एका डागाकडे नीट पाहिल्यामुळे घडलं.

दुसरं उदाहरण गिधाडांचं. आपल्या गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडं उतरत, हे इथल्या साठीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. ती गेली कुठे? अभ्यासकांनी मेलेली गिधाडं उचलून तपासली, तेव्हा 2004 साली उत्तर छापून आलं. जनावरांना देतात त्या डायक्लोफिनॅक औषधाने त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी त्या औषधाला बंदी केली. सगळ्यांनी तोंड फिरवलं असतं तर हे कळलंच नसतं.

तेव्हा आता थोडं व्यवहाराचं. पक्षी मेलेला दिसला तर उघड्या हाताने उचलू नका. काडी वापरा किंवा हातात प्लास्टिकची पिशवी घाला, आणि नंतर साबणाने हात धुवा. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले असतील तर अजिबात जवळ जाऊ नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी जानेवारी 2021 मध्ये कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, ते लक्षात असू द्या. एकटा पक्षी असेल तर फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा. जवळ काय आहे तेही लिहा, तार, रस्ता की नुकतं फवारलेलं शेत. मग मुलांना विचारा, पंख उघडल्यावर काय दिसलं? गळा कोणत्या रंगाचा? बाहेरच्या पिसाची दांडी मधोमध आहे का? पाहून झालं की पक्षी तिथेच, रस्त्यापासून जरा आत, झाडाखाली राहू द्या. मुंग्यांचा आणि मातीचा त्याच्यावर आपल्याआधी हक्क आहे.

दारात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. तत्त्वज्ञान म्हणजे जे रोज दिसतं आणि पाहिलं जात नाही, त्याच्याकडे न घाबरता आणि न हावरेपणाने बघणं. येत्या दसऱ्याला तारेवर जिवंत नीलकंठ दिसेल. नमस्कार जरूर करा. मग घटकाभर थांबा आणि त्याचा गळाही बघा.